साठ हजार कार्टन मागवली, साठ आली: कुंडईच्या एका प्रेसचं ईडीआय प्रकरण

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराची ऑफसेट प्रेस आहे, औषध कंपन्यांची मोनो कार्टन, म्हणजे औषधाची छापील खोकी, आणि लीफलेट, म्हणजे आतली माहितीपत्रकं, छापते. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वेर्ण्याची एक औषध कंपनी, मूळ मालकी युरोपातली. दोघांची नावं सांगत नाही, दोघांचेही धंदे चालू आहेत आणि मला दोघांकडेही परत जायचंय. आकडे जरा बदललेत पण गुणाकार तोच ठेवलाय, कारण या प्रकरणाचं मूळ गुणाकारातच आहे. भानगड निस्तरायला मला बोलावलं ते सगळं होऊन गेल्यावर, त्यामुळे खालचं बरंचसं फायली उघडून आणि लोकांना विचारून जुळवलेलं आहे.

आधी काम कसं चालायचं ते सांगतो. वेर्ण्याहून खरेदीची ऑर्डर पीडीएफ होऊन मेलवर यायची, हिशोबाच्या ताई ती प्रिंट काढून टॅलीत मारायच्या आणि एक कॉपी प्लॅनिंगवाल्याच्या टेबलावर ठेवायच्या, तो जॉब कार्ड बनवायचा. काही खटकलं तर ताई सरळ फोन करायच्या, की ‘अहो, हे तीस हजार कसे, मागच्या वेळी तर साठ होते?’ समोरचा बघून सांगायचा. कोणाला ही सिस्टिम वाटतच नव्हती, पण ती होती. ऑर्डर वाचणारं एक माणूस होतं आणि त्याला मागची ऑर्डर आठवत होती.

मग मूळ कंपनीकडून फर्मान आलं की अमुक तारखेपासून सगळे सप्लायर ईडीआयवर, मेलवरची ऑर्डर बंद. प्रेसच्या शेटची पहिली प्रतिक्रिया, ‘ईडीआय म्हणजे? आम्ही तर ई-इनव्हॉइस करतोच मरे!’ हा गोंधळ मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की दोन ओळी त्यावर लिहितोच. जीएसटीचं ई-इनव्हॉइस म्हणजे तुम्ही तुमचं बिल ठरलेल्या साच्यात सरकारच्या पोर्टलवर नोंदवता, ते तुम्हाला ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड देतं. २०२० च्या ऑक्टोबरपासून ५०० कोटींवरच्या उलाढालीला ते लागू झालं आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांना. ते तुमच्या आणि सरकारच्या मधलं. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचं बिल आपोआप शिरणं, त्याची ऑर्डर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप उतरणं, हा वेगळा विषय, आणि ईडीआय म्हणतात तो हा. एक केलं म्हणून दुसरं होत नाही.

ईडीआय नवीन मुळीच नाही. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा विमानांनी माल पोचवायचा होता, आणि प्रत्येक ठिकाणाहून वेगळ्या भाषेत, वेगळ्या नमुन्यात मालाच्या याद्या येत होत्या, तेव्हा एड गिलबर्ट नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या माणसाने टेलेक्सवरून पाठवता येईल असा एकच ठरावीक नमुना काढला. पुढे तोच माणूस अमेरिकेत वाहतूक कंपन्यांसाठी असेच नमुने ठरवायच्या कामात पडला, १९७५ मध्ये पहिले नमुने छापून आले, १९७९ मध्ये असेच अमेरिकन नमुने ठरवायला एक्स१२ समिती बसली, आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचं एडिफॅक्ट आयएसओ ९७३५ म्हणून मंजूर झालं. अमेरिकन कंपनी असेल तर बहुतेक एक्स१२, युरोपियन असेल तर बहुतेक एडिफॅक्ट. आमच्या प्रकरणातल्या वेर्ण्याच्या कंपनीचं एडिफॅक्ट, त्यातही डी ९६ ए, म्हणजे १९९६ सालची आवृत्ती. हसू नका, जगातला केवढा तरी व्यापार अजून याच आवृत्तीवर चालतो. कारण साधं आहे, चालतंय ते कोण बदलणार.

एडिफॅक्टची फाईल उघडून बघितली तर कोणीतरी कीबोर्डवर डोकं आपटल्यासारखी दिसते. पण आत नियम पक्के आहेत. प्रत्येक ओळीला तीन अक्षरांचं नाव: बीजीएम म्हणजे हा कागद कसला आणि कितव्या नंबरचा, डीटीएम म्हणजे तारीख, एनएडी म्हणजे कोणाकडून कोणाला, एलआयएन म्हणजे माल, क्यूटीवाय म्हणजे नग किती, पीआरआय म्हणजे भाव. तुकडे वेगळे करायला अधिकचं चिन्ह, त्यातले उपतुकडे वेगळे करायला कोलन, आणि ओळ संपली हे सांगायला एकेरी अवतरणचिन्ह, म्हणजे इंग्रजीतला अ‍ॅपॉस्ट्रॉफी.

आता गोव्यात बसून हा शेवटचा नियम ऐकला की काय होणार ते लगेच कळायला पाहिजे. डिसोझा, डिकॉस्टा, डिमेलो! ही आडनावं इंग्रजीत डी नंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात बरेच जण. कंपनीच्या खरेदी खात्यातल्या संपर्काच्या माणसाचं आडनाव त्यातलंच होतं, आणि टेस्टिंगमध्ये प्रेसकडून गेलेला पहिलाच निरोप त्यामुळे मधेच तुटला, डी पर्यंत एक ओळ आणि पुढचं सोझा म्हणजे कोणाला माहीत नसलेली दुसरी ओळ. नियमात याला उपाय आहे, अशा चिन्हाच्या आधी प्रश्नचिन्ह टाकायचं की ते चिन्ह साधं अक्षर धरलं जातं, पण प्रेसच्या बाजूच्या सॉफ्टवेअरने ते टाकलं नव्हतं. पंधरा मिनिटांत समोरून कॉन्ट्रल नावाचा निरोप परत आला की तुमची अमुक ओळ वाचता येत नाही. दुरुस्त केलं, संपलं. सगळे हसले. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते बरोबर याच्या उलट झालं.

व्यवस्था अशी होती. कंपनीचं स्वतःचं मोठं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, तिथून निरोप एएस२ ने बाहेर पडायचा. एएस२ म्हणजे साध्या इंटरनेटवरूनच पण कुलूप लावून, सही करून फाईल पाठवायची पद्धत, २००५ साली आरएफसी ४१३० म्हणून तिचे नियम छापले गेले. फाईल मिळाल्याबरोबर समोरचं मशीन सही केलेली पोच पाठवतं, तिला एमडीएन म्हणतात. प्रेसला असा सर्व्हर चालवणं परवडणार नव्हतं आणि गरजही नव्हती, म्हणून त्यांनी बाहेरचा एक सेवा देणारा धरला, त्याच्या मेलबॉक्समध्ये निरोप उतरायचे, तिथे त्यांचं भाषांतर व्हायचं आणि प्रेसला एक साधी एक्सेलसारखी फाईल मिळायची, ती टॅलीत आणि प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चढायची. परतीच्या वाटेने माल निघाल्याची सूचना आणि बिल उलट भाषांतर होऊन जायचं. लहान सप्लायरला हाच मार्ग बरा, त्यात काही चूक नाही.

टेस्टिंग झालं ते लीफलेटवर. का, तर त्या आठवड्यात लीफलेटच्या ऑर्डरी हाताशी होत्या. सगळं व्यवस्थित गेलं, दोन्हीकडच्या लोकांनी मेलवर ‘कन्फर्म’ लिहिलं आणि चालू केलं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ येत होती, लवकर संपवायची घाई दोघांनाही होती.

आणि मग पहिली कार्टनची ऑर्डर आली. साठ हजार मोनो कार्टन, भाव हजारी १,८५० रुपये, एकूण १,११,००० अधिक जीएसटी. आपल्याकडे औषधाचं कार्टन बहुतेक ठिकाणी हजाराच्या भावानेच विकलं जातं, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. कंपनीच्या ईआरपीमध्ये पण तसंच, लीफलेटचं खरेदीचं एकक नग आणि कार्टनचं एकक हजार. एकाच सिस्टिममध्ये मालागणिक खरेदीचं एकक वेगळं ठेवता येतं, मोठ्या ईआरपीत ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे फाईलमध्ये क्यूटीवायच्या ओळीत आलं: २१, म्हणजे मागवलेला माल, मग ६०, आणि मग एमआयएल. एमआयएल हा संयुक्त राष्ट्रांच्या एककांच्या यादीतला कोड, अर्थ हजार. ६० एमआयएल, म्हणजे साठ हजार. कंपनीच्या बाजूने फाईल शंभर टक्के बरोबर होती, हे मी स्वतः उघडून बघितलंय.

सेवा देणाऱ्याच्या भाषांतराच्या टेबलात एमआयएल नव्हता. टेस्टिंगमध्ये आलाच नव्हता ना! टेबलात नग होता, किलो होता, आणि एक शेवटची ओळ होती: यातलं काहीच नसेल तर पीसीई धरा. पीसीई म्हणजे नग.

झालं. ६० हजार चे ६० नग.

आता कोणी म्हणेल की एवढी मोठी चूक कोणाच्या नजरेत कशी आली नाही. हेच समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि यात एका माणसाचा आळशीपणा काढून दाखवता येत नाही, बघा. फाईलच्या शेवटी ओळींची मोजदाद असते, ती जुळली. ताईंच्या स्क्रीनवर ऑर्डरची रक्कम आली १,११,०००. साठ हजार गुणिले हजारी १,८५० घ्या किंवा साठ गुणिले नगाला १,८५० घ्या, उत्तर तेच येतं. एकक दोन्हीकडून सारखंच हरवलं की गुणाकाराला काही फरक पडत नाही. ताई रक्कम बघतात, रक्कम नेहमीसारखी होती. तिकडे प्लॅनिंगवाल्याच्या स्क्रीनवर भाव आणि रक्कम दिसतच नाही, शेटने मुद्दामच लपवलीय, शॉप फ्लोअरवर भाव कशाला कळायला पाहिजेत म्हणून. त्याला दिसलं साठ नग. एकाला रक्कम दिसत होती, दुसऱ्याला नग दिसत होते, आणि दोन्ही एकत्र बघून ‘एक कार्टन साडेअठराशेला?’ म्हणणारा कोणीच नव्हता. पूर्वी पीडीएफवर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असायचे.

प्लॅनिंगवाल्याला साठ नग विचित्र वाटले नाहीत का? वाटले, पण अशक्य वाटले नाहीत. औषध कंपन्या अधूनमधून थोडे नग मागवतातच, नवीन पॅकिंग लाईनची ट्रायल असते, मशीनवर कार्टन नीट उघडतं का बघायचं असतं. त्याने तेच गृहीत धरलं. बारा अप्सचं शीट, एका शीटवर बारा कार्टन, म्हणजे पाच शीट. पाच शीटसाठी मशीन लावायचं म्हणजे रंग जुळेपर्यंत शंभरेक शीट फुकट, तरी गिऱ्हाईक मोठं आहे म्हणून त्याने दुसऱ्या जॉबच्या मागे ते घुसवलं. सांगायलाही वाईट वाटतं, पण साठापेक्षा जास्त जी चांगली कार्टन निघाली ती नियमाप्रमाणे रजिस्टरात नोंद करून श्रेडरमध्ये गेली, कारण औषधाचं छापील कार्टन शिल्लक म्हणून कपाटात ठेवता येत नाही, दुसऱ्या औषधात मिसळलं तर जिवाशी खेळ.

साठ कार्टनचं एक पाकीट दुसऱ्या मालाबरोबर टेम्पोतून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला गेलं. आधी डेसअ‍ॅडव्ह गेला, म्हणजे माल निघाल्याची सूचना, आणि इथे तर कमालच झाली. परतीच्या भाषांतरात सेवा देणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने मूळ ऑर्डरमधलं एकक उचललं आणि ६० नगाचे परत ६० एमआयएल केले! म्हणजे कंपनीच्या ईआरपीला दिसलं की साठ हजार मागवले, साठ हजार येतायत. स्टोअरमधल्या मुलाने पाकिटावरचं लेबल बघितलं, ‘६०’, स्क्रीनवर बघितलं, ‘६०’, आणि एंटर मारलं. मग प्रेसचं बिल गेलं, ६० आणि १,११,०००. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिघांची गाठ कॉम्प्युटर आपोआप घालून बघतो, त्याला ते थ्री-वे मॅच म्हणतात. जुळली. बिल पेमेंटच्या रांगेत लागलं. सरकारच्या पोर्टलवर पण ते ६० नग, दर १,८५० म्हणून नोंदलं गेलं, त्याला आयआरएन मिळाला. पोर्टलला कार्टनची किंमत काय असते हे माहीत असण्याचं कारण नाही.

डेसअ‍ॅडव्हमध्ये पॅकेजची संख्या पण लिहिलेली होती: एक. साठ हजार कार्टन एका पॅकेजात कशी मावतील, हा प्रश्न कोणत्याही सॉफ्टवेअरला विचारता आला असता, पण तो विचारायला कोणी सांगितलंच नव्हतं.

पकडलं कोणी, तर क्वालिटी कंट्रोलच्या एका पोराने. पॅकिंगचा माल आला की लॉटच्या आकारावरून ठरलेले नमुने काढून तपासायचे असतात. तो साठ हजारांच्या लॉटचे नमुने काढायला गेला तर पाकिटात एकूण जेवढी कार्टन होती त्यापेक्षा जास्त त्याला नमुन्यालाच हवी होती. आधी त्याने स्टोअरवाल्याला विचारलं बाकीचा माल कुठे ठेवलाय म्हणून, मग दोघांनी मिळून गोडाऊन पालथं घातलं, मग गेटवर सिक्युरिटीचं हाताने लिहिलेलं रजिस्टर बघितलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, एक पाकीट.

इथून पुढचे काही दिवस प्रेसमध्ये काय झालं असेल याची कल्पना करा. छपाई हा प्रश्न नव्हता, पाच हजार शीट आणि वेस्टेज म्हणजे अर्ध्या पाळीचं सुद्धा काम नाही. प्रश्न बोर्डाचा, म्हणजे कार्टनच्या जाड कागदाचा. पाच शीटचा जॉब म्हणून बोर्ड मागवलाच नव्हता, तो गोव्याबाहेरून ट्रकने येतो, आणि चवथीच्या तोंडावर डाय-पंचिंगची आणि पेस्टिंगची मुलं सत्तरी, डिचोलीतल्या आपापल्या गावी निघालेली, कोणी गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाला, कोणी घर रंगवायला. गोव्यात चवथीला माणूस थांबवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. शेवटी त्याच ग्रेडचा बोर्ड शेजारच्या एका प्रेसकडून उसना घेतला, कंपनीच्या क्वालिटी खात्याकडून त्याला लेखी मंजुरी आणली, दुप्पट ओव्हरटाइम दिला, आणि माल दोन खेपांत गेला. कंपनीची पॅकिंग लाईन तोवर दुसऱ्या औषधावर वळवली होती.

बिलाची गंमत वेगळीच. ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात, ते केव्हाच उलटून गेले होते. त्यामुळे सीएने क्रेडिट नोट काढायला लावली, ती पण पोर्टलवर नोंदवायची, आणि मग नवीन बिल. ताईंचं म्हणणं एवढंच होतं की ‘मी फोन केला असता हो, पण आता फोन कोणाला करायचा तेच कळत नाही, ऑर्डर मशीनकडून येते.’ मला वाटतं अख्ख्या प्रकरणाचं निदान ताईंनी एका वाक्यात केलं होतं, मी नंतर फक्त त्याला फाईली जोडल्या.

आता दोष कोणाचा. शेटचं मत, सेवा देणाऱ्याचा. कंपनीचं मत, सप्लायरचा, कारण सेवा देणारा त्यांनी नेमलेला. सेवा देणाऱ्याचं मत, टेस्टिंगमध्ये हजाराची ऑर्डर दिली नाही त्या दोघांचा. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. ‘काहीच नसेल तर नग धरा’ ही ओळ लिहिणाऱ्याला मात्र मी माफ करणार नाही. न कळलेल्या गोष्टीवर अडून बसणारं सॉफ्टवेअर परवडतं, अंदाज करणारं नाही. डिसोझाच्या वेळी मशीन अडलं म्हणून पंधरा मिनिटांत सुटलं. एमआयएलच्या वेळी मशीन अडलं नाही, ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेलं, आणि त्याची किंमत चवथीच्या आठवड्यात मोजली.

पण माझ्या मते खरी गफलत याच्याही आधी, करार करताना झाली होती, आणि ती पोच या विषयाची. ईडीआयमध्ये पोच एकच नसते, एकावर एक असतात, आणि लोक पहिली मिळाली की निश्चिंत होतात. एमडीएन सांगतं की फाईल पोचली, वाटेत कोणी बदलली नाही. रजिस्टर पोस्टाची पोचपावती समजा, पाकीट हातात मिळालं, आत काय लिहिलंय ते वाचलं असं नाही. कॉन्ट्रल सांगतं की फाईलचं व्याकरण बरोबर आहे, एक्स१२ वाल्यांकडे याला ९९७ म्हणतात. त्याच्यावर अ‍ॅपरॅक नावाचा निरोप आहे, तो आतल्या सिस्टिमने माहिती तपासून, हा मालाचा कोड माझ्याकडे नाही, हे एकक मला माहीत नाही, असं सांगायला. आणि सगळ्यात वर ऑर्डररिस्प, ऑर्डरचं उत्तर, एक्स१२ मध्ये ८५५. त्यात सप्लायर स्वतःच्या आकड्यांत सांगतो की मी काय देतोय, किती देतोय, कधी देतोय. २९ कोड म्हणजे जशीच्या तशी मान्य, ४ म्हणजे बदलासह, २७ म्हणजे नामंजूर.

आमच्या प्रकरणात पहिल्या दोन पोचा व्यवस्थित गेल्या. अ‍ॅपरॅक कोणी मागितलाच नव्हता. ऑर्डररिस्पपुढे करारात लिहिलं होतं: ऐच्छिक, दुसऱ्या टप्प्यात. का, असं मी कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला की शेकड्याने सप्लायर आहेत, प्रत्येकाची उत्तरं यायला लागली तर बघणार कोण. त्याची अडचण मला पटते, पण उपाय पटत नाही. उत्तर माणसाने बघायचं नसतंच, मशीनने मूळ ऑर्डरशी ताडून बघायचं आणि फरक असेल तेवढंच माणसापुढे टाकायचं. ऑर्डररिस्प चालू असता तर काय झालं असतं? खरं सांगायचं तर त्यांचं सॉफ्टवेअर परतीच्या वाटेवर एकक मूळ ऑर्डरचंच चिकटवत होतं, त्यामुळे उत्तरसुद्धा ६० एमआयएल म्हणूनच गेलं असतं आणि परत सगळं जुळलं असतं! म्हणजे नुसतं उत्तर पाठवून भागणार नव्हतं, ते उत्तर प्रेसने स्वतःच्या नोंदीतून, स्वतःच्या एककात तयार करायला हवं होतं. समोरच्याचंच बोलणं त्याला परत ऐकवलं तर ते उत्तर कसलं.

म्हणून दुरुस्ती करताना आम्ही सुरुवात तिथून केली. आता ऑर्डर आली की प्रेसच्या सिस्टिममध्ये सगळं एकाच एककात उतरतं, नगात. साठ हजार म्हणजे ६०,०००, आणि भाव म्हणजे नगाला १ रुपया ८५ पैसे. पीआरआयच्या ओळीत भाव कितीला आहे हे सांगायची जागा आहेच, ती आता वाचली जाते. प्लॅनिंगवाला स्क्रीनवर नग बघून मान्य करतो तेव्हाच उत्तर निघतं, आणि त्यात त्याने मान्य केलेलाच आकडा आणि त्याचंच एकक जातं. कंपनीच्या बाजूला ते साठ हजाराशी ताडलं जातं. शेटला भाव लपवायचाच होता, तर नगामागचा भाव मागच्या ऑर्डरपेक्षा फार वर किंवा फार खाली असेल तर नुसतं लाल होईल असं केलं, आकडा न दाखवता.

एककांचं टेबल प्रेसने स्वतःकडे घेतलं, सेवा देणाऱ्याच्या भरवशावर सोडलं नाही. तीन रकाने: फाईलमधला कोड, प्रेसची भाषा, जीएसटीचा कोड. एमआयएल, हजार, टीएचडी. पीसीई, नग, पीसीएस. त्याच नगाला नव्या यादीत एच८७ म्हणतात, तोही घातला, कारण उद्या कंपनीने आवृत्ती बदलली तर तो येणारच. केजीएम, किलो, केजीएस. आणि यादीत नसलेलं काही आलं तर ऑर्डर आत घ्यायचीच नाही, अ‍ॅपरॅकने परत पाठवायची आणि ताईंना मेसेज जायचा.

टेस्टिंग परत केलं, पण या वेळी हाताशी असलेल्या ऑर्डरींवर नाही. मागच्या वर्षभरातल्या जुन्या पीडीएफ ऑर्डरी काढल्या, त्यातून मालाचा प्रत्येक प्रकार, प्रत्येक एकक, रद्द झालेली एक, तारीख बदललेली एक, दोन ओळींची एक, अशा निवडून कंपनीला तशाच फाईली बनवून पाठवायला सांगितल्या आणि आलेला जॉब कार्ड जुन्या जॉब कार्डाशेजारी ठेवून बघितला. कोणाला वाटेल केवढा उपद्व्याप, पण कंटाळवाणं असलं तरी सोपं काम आहे, आणि उत्तर आधीच माहीत असतं हा त्यातला मोठा फायदा. यातच अजून एक निघालं: ऑर्डर बदलून आली की जुनी रद्द न होता दुसरी नवीन चढत होती, म्हणजे पुढच्या खेपेला साठ हजारांऐवजी एक लाख वीस हजार छापली गेली असती.

एक गोष्ट मात्र मी कंपनीला सुचवली आणि त्यांनी सरळ नाही म्हटलं, ती म्हणजे ऑर्डरीबरोबर पीडीएफ पण पाठवा. त्यांचं म्हणणं, मग लोक पीडीएफच बघतील आणि फाईल कोणी तपासणार नाही. आधी मला राग आला, आता वाटतं बरोबर होते ते.

राहिलेला प्रश्न वेगळाच आहे आणि अजून सुटलेला नाही. छपाईत नेमकी साठ हजार कधीच निघत नाहीत, थोडी कमी-जास्त होतातच, आणि कागदाच्या जमान्यात पाच टक्क्यांपर्यंत कंपनी काही न बोलता घ्यायची, तोंडी ठरलेलं. आता ६१,२०० पाठवली की बिल जुळत नाही म्हणून मशीन अडवून ठेवतं, आणि प्रेसला ती वरची बाराशे श्रेडरमध्ये घालावी लागतात किंवा फुकट द्यावी लागतात. ईआरपीत कमी-जास्तीची मर्यादा घालता येते, कंपनीच्या खरेदी खात्याला ती प्रत्येक मालाला भरायची आहे. शेट दर महिन्याला विचारतात, तिकडून दर महिन्याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर येतं, आणि ते मात्र अजून मेलवरच येतं.